सुपरचार्जरचा आवाज: वाट मोकळी करा, ब्लोअर पळवू नका

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप, यालाच ब्लोअरही म्हणतात. त्याचा आवाज वाढवायचा म्हटलं की पहिली चौकशी होते ती त्याला जास्त वेगाने फिरवणाऱ्या लहान पुलीची. ही पायरी खरं तर सगळ्यात शेवटची, आणि बऱ्याच गाड्यांना तिची गरजच पडत नाही. ब्लोअरमध्ये आवाज भरपूर तयार होत असतो. गाडी बनवताना तो सक्शनच्या, म्हणजे हवा आत ओढण्याच्या वाटेवरच्या डब्यांत, रबरी पाइपांत आणि फोमच्या गाद्यांत जिरवलेला असतो, एवढंच. म्हणून करायचं काम म्हणजे कोंडलेल्या आवाजाला वाट काढून देणं. ती काढताना ब्लोअरच्या पोटात धूळ जाता कामा नये. काळ्या मातीच्या आणि कापसाच्या मुलुखात ही अट पहिली, आवाज दुसरा.

आधी गाडीत सुपरचार्जर आहे का ते पक्कं करा. बोनेटखालून सूं ऐकू आलं की आपल्याकडे खानदेशात 'गाडी शिट्टी मारी ऱ्हायनी' म्हणतात, पण स्कॉर्पिओ, बोलेरो, डिझेल थार यांची ती शिट्टी टर्बोची. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टी जराशी मागून येते. सुपरचार्जर इंजिनच्या क्रँकवरून पट्ट्याने फिरतो. इंजिनचा आरपीएम जितका चढेल, स्वर नेमका तितकाच आणि त्याच क्षणी चढतो. जुन्या मर्सिडीजच्या मागे 'कॉम्प्रेसर' लिहिलेलं असेल, किंवा जॅग्वार एफ-टाइप, रेंज रोव्हर स्पोर्टची सुपरचार्ज्ड पेट्रोल असेल, तर हा लेख तुमच्या गाडीसाठी आहे. टर्बोवाल्यांनाही सक्शन पाइप आणि फिल्टरचा भाग जसाच्या तसा लागू पडतो.

आवाज तयार कसा होतो

फ्रान्सिस आणि फिलँडर रूट्स या भावांनी अमेरिकेत इंडियानामध्ये १८६० साली ज्या ब्लोअरचं पेटंट घेतलं, तोच आजच्या रूट्स सुपरचार्जरचा मूळपुरुष. दोन रोटर एकमेकांना न चिकटता उलट दिशांनी फिरतात. रोटरच्या पाकळ्यांमधल्या खोबणीत हवा अडकते आणि केसिंगच्या कडेने पलीकडे नेली जाते. वाटेत ती दाबली जात नाही. खोबण पलीकडे उघडली की तिथली दाबाची हवा फाडकन उलटी आत घुसते. हा प्रत्येक धक्का म्हणजे आवाजाचा एक ठोका, आणि सेकंदाला असे शेकडो ठोके पडले की कानाला एकसंध 'ऊंऽऽ' लागतो. सांडपाणी प्रकल्पांच्या टाक्यांत हवा सोडणारे ट्विन लोब ब्लोअर याच जातीचे. एमआयडीसीत अशा ब्लोअरजवळ उभं राहिलं असेल, तर हा घोष ओळखीचा वाटेल.

ठोके मोजणं सोपं आहे. क्रँकची पुली १५० मिलिमीटर आणि ब्लोअरची ७५ असेल, तर इंजिनच्या ३००० आरपीएमला ब्लोअर ६००० फिरतो, म्हणजे सेकंदाला १०० फेरे. दोन रोटरना प्रत्येकी ३ पाकळ्या असतील तर एका फेऱ्यात ६ ठोके. म्हणजे मुख्य स्वर ६०० हर्ट्झचा. ब्लोअर बनवणाऱ्या ईटन कंपनीच्या टीव्हीएस मालिकेत ४ पाकळ्या असतात, तिथे त्याच वेगाला ८०० हर्ट्झ. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे कुठला डबा बंद करायचा ते यावरूनच ठरतं.

ट्विन स्क्रू प्रकारात हवा आतच दाबली जाते, म्हणून त्याचा आवाज जास्त धारदार आणि वरच्या पट्टीतला. डॉज हेलकॅटमधला २.४ लिटरचा ब्लोअर या प्रकारातला. सेंट्रिफ्युगल प्रकारात शेवटचा पंखा हजारो आरपीएमने फिरतो आणि आवाजाचा मोठा भाग वेग वाढवणाऱ्या गिअरचा असतो. सरळ दातांचे गिअर किंचाळतात, तिरक्या दातांचे शांत. तिथे आवाज हवा असेल तर घेतानाच सरळ दातांचा युनिट घ्यायचा. नंतर बाहेरून कितीही खटपट केली तरी फरक थोडाच पडतो.

सुरुवात दुरुस्तीपासून

काम सुरू करण्याआधी आजचा आवाज नोंदवून ठेवा, नाहीतर चार दिवसांनी कान काहीही सांगतात. मोबाइलमध्ये स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या. काचा बंद, एसी बंद, मोबाइल प्रत्येक वेळी शेजारच्या सीटच्या डोकं टेकायच्या उशीला एकाच जागी बांधलेला. सकाळी लवकर, रिकाम्या सरळ रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून दुसऱ्या गिअरमध्ये २००० ते ४००० आरपीएमपर्यंत जा. ॲपकडे बघायचं काम शेजारी बसलेल्याचं, चालवणाऱ्याचं नाही. नुसतं रेकॉर्डिंग फसवतं, कारण मोबाइल आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो. तुम्हाला हवा तो ६०० हर्ट्झच्या आसपास दिसणारा, आरपीएमबरोबर सरकणारा उंचवटा.

मग ब्लोअर निरोगी आहे का ते बघा, कारण आजारी ब्लोअरचा आवाजही मोठाच असतो. निष्क्रिय आरपीएमला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड येत असेल आणि आरपीएम चढवला की जात असेल, तर तो पुली आणि रोटर यांच्यामधला कपलर झिजलेला असतो. घरघर वेगाबरोबर वाढत जात असेल तर बेअरिंग. चिरचिर असेल तर पट्टा घसरतोय: टेन्शनर दमलाय, नाहीतर पुलीवर तेल आलंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर फस्स आवाज येऊन गाडी ओढत नसेल, तर दाबाची हवा कुठेतरी गळतेय.

गिअरच्या पुढच्या कोठीतलं तेल वेगळं असतं. बऱ्याच ईटन ब्लोअरमध्ये ते सव्वाशे-दीडशे मिलिलिटरच्या आसपासच मावतं. त्यात इंजिन ऑइल ओतू नका, इतक्या वेगाला त्याचा फेस होतो आणि दात कोरडे पडतात. पातळी गाडी सपाट जागी आणि इंजिन पूर्ण गार असताना बघायची. तेल काळं पडून त्यात चंदेरी चमक दिसली, तर आवाजाचा विचार सोडा आणि आधी ब्लोअर उघडा.

गळती शोधताना एक चूक नेहमी होते. इंजिन चालू ठेवून सांध्यांवर साबणाचं पाणी मारतात आणि बुडबुडे आले नाहीत म्हणून समाधान मानतात. निष्क्रिय आरपीएमला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, दाब नसतोच, उलट ओढ असते, तिथे बुडबुडे येणार कुठून? इंजिन बंद करा, सक्शनच्या तोंडाला टोपी लावून तिच्यातल्या व्हॉल्व्हमधून रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने ०.५ बार, म्हणजे सुमारे ७ पीएसआय हवा भरा आणि मग साबणाचं पाणी मारा. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरबरोबर उघडणारी हवेची झडप, ब्लोअरच्या आधी असेल तर टोपी थ्रॉटलच्या पुढच्या बाजूला बसवा. ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसमधली वाफ सक्शनमध्ये सोडणारी नळी बंद करायला विसरू नका, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील उचकटते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर रेग्युलेटरशिवाय कधीच जोडू नका.

यानंतर बायपास व्हॉल्व्ह. गाडी हळू चालत असताना हा झडपेसारखा उघडा राहतो आणि हवा ब्लोअरभोवतीच फिरते. जोर दिला की मिटतो आणि तिथून खरा आवाज सुरू होतो. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर इंजिन चालू असताना त्याचा दांडा ओढलेला दिसतो, नळी काढली की तो सुटून परत जातो. तो मधेच अडकला असेल तर बूस्ट, म्हणजे ब्लोअरने वाढवलेला हवेचा दाब, तोही अर्धा आणि आवाजही अर्धा. कार्बन साफ करून दांडा मोकळा केला की काही गाड्यांत हवा तो आवाज एवढ्यावरच मिळतो. आवाज सतत यावा म्हणून हा व्हॉल्व्ह कायमचा बंद करणारेही आहेत. ते करू नका: हवा विनाकारण तापते, पेट्रोल जास्त जातं आणि ब्लोअरला एका क्षणाचीही उसंत मिळत नाही.

कुठला डबा बंद करायचा

ब्लोअरचा आवाज दोन्ही बाजूंना पळतो. पुढच्या बाजूला त्याला जाड धातूचा मॅनिफोल्ड कोंडतो. आपल्याला ऐकू येतो तो उलट्या वाटेने, म्हणजे सक्शन पाइप आणि फिल्टरमधून बाहेर पडणारा. याच वाटेवर कंपनी प्लास्टिकचे बंद डबे लावते. पाइपला एका बाजूने चिकटलेला, दुसरीकडे तोंडच नसलेला डबा दिसला की तो रेझोनेटर समजा.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक स्वरात घुमते, तसा हा डबा आपल्या ठरावीक स्वराचा आवाज गिळतो. मान ३ सेंटिमीटर व्यासाची आणि कडांचा परिणाम धरून ७ सेंटिमीटर लांबीची असेल, तर १ लिटरचा डबा साधारण १७५ हर्ट्झवर काम करतो. तीच मान आणि १०० मिलिलिटरचा डबा असेल तर ५५० हर्ट्झ. वरचं गणित आठवा: ब्लोअरचा स्वर ६०० च्या घरात आहे. म्हणजे तुमचा आवाज गिळणारा चोर तो लहानसा डबा असतो. मोठा डबा काढून टाकला तर इंजिनची नकोशी घुमघुम तेवढी वाढते आणि ब्लोअरचा स्वर तिच्यात बुडतो. बहुतेक जण दिसायला मोठा डबा कापून टाकतात आणि मग गाडी 'नुसती बोंबलते' म्हणून हळहळतात. बंद टोकाची नळी असेल तर तिची लांबी मोजा: १४ सेंटिमीटरची नळी ६०० हर्ट्झला गिळते.

डबा कापायचा नाही. मानेच्या मापाची ॲल्युमिनियमची किंवा तेल-उष्णता सोसणाऱ्या रबराची डट्टी लेथवर करून घ्या, मानेच्या बाहेर राहील अशी कॉलर ठेवायला सांगा आणि क्लिपने आवळा. कॉलर हवीच, नाहीतर सुटलेली डट्टी ओढीबरोबर सरळ ब्लोअरच्या तोंडाशी जाईल. एका वेळी एकच डबा बंद करून पुन्हा मोजा. लहान डबे तीन-चार असतील तर प्रत्येकाचा स्वर वेगळा असतो. आवाज कुठल्या आरपीएमला उमलतो ते त्यातून तुम्हाला निवडता येतं.

फिल्टर आणि पाइप

उघडा शंकूचा फिल्टर लावला की आवाज एकदम वाढतो, यात शंका नाही. पण रोटर आणि केसिंग यांच्यात मोकळी जागा असते ती मिलिमीटरच्या काही शतांश. एवढ्याशा फटीतून बारीक माती रोज गेली की रोटरवरचं कोटिंग घासलं जातं, फट वाढते, बूस्ट पडतो आणि आवाज मऊ होतो. ज्या आवाजासाठी फिल्टर बदलला तोच त्या फिल्टरने खाल्ला.

कापसाच्या हंगामात चोपडा-यावल भागात फिरलेल्या गाडीचा फिल्टर उघडून बघा. घड्यांच्या तोंडावर पांढऱ्या तंतूंची पातळ गोधडी बसलेली असते आणि बोटाने ती उचलली की खाली काळी, पिठासारखी माती. ही गोधडी हवा अडवते, तर खालची माती संधी मिळाली की आत शिरते.

म्हणून इथे कंपनीचा एअर बॉक्स ठेवावा आणि त्याला गार हवेच्या बाजूने, हेडलाइटमागे किंवा ग्रिलकडे, दुसरं तोंड पाडावं असं आमचं ठाम मत आहे. तोंड फिल्टरच्या आधीच्या, मळक्या बाजूलाच पाडायचं. ५० मिलिमीटर व्यास पुरतो. कडा घासून गुळगुळीत करा आणि आतून जाळी लावा. शंकूचाच हवा असेल तर तिन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पडदा आणि फिल्टरवर कापडी मोजा हवा. तेलाचा कॉटन फिल्टर वापरत असाल तर तेल हलक्या हाताने द्या. जास्त झालं की उडून मास एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं, मोजमाप चुकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. धुळीच्या दिवसांत दर २०००-३००० किलोमीटरला फिल्टर उघडून बघणं सोडू नका.

फिल्टर ते थ्रॉटल हा पाइप बहुतेक गाड्यांत नळीच्या पोटासारखा घडीदार रबराचा असतो. तो आवाज पितो. त्याच्या जागी दीड-दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा, आतून गुळगुळीत पाइप बसवला की स्वर स्वच्छ होतो. आतला व्यास मूळच्याइतकाच ठेवा. सेन्सरची नळी तर अजिबात बदलू नका, कारण संगणक तिच्या व्यासावरून हवा मोजतो. सेन्सरच्या आधी १०-१५ सेंटिमीटर पाइप सरळ असू द्या. वेल्डिंग आर्गॉनचं करून घ्या आणि जोडण्याआधी आतले मणी घासून, पाइप पाण्याने धुऊन, हवेने फुंकून काढा. एक सुटा मणी दोन्ही रोटर चिरायला पुरतो. इंजिनकडच्या टोकाला सिलिकॉनचा जोड ठेवा, इंजिन हलतं तेव्हा तिथेच हिसका बसतो.

आपल्याकडे घरोघरी पीव्हीसी पाइपाचे तुकडे पडलेले असतात आणि मोह होतो. पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात भुसावळला बाहेरच ४५ अंश असताना बोनेटखाली ते तापमान गाठायला वेळ लागत नाही. ओढीने पाइप चेपतो आणि इंजिन गुदमरतं.

आवाज आत आणा

रस्त्यावरच्या लोकांना ऐकवण्यापेक्षा ड्रायव्हरच्या कानापर्यंत आवाज आणणं जास्त समाधानाचं. टोयोटा ८६ आणि फोर्ड फोकस एसटी यांना कंपनीनेच अशी नळी दिली होती. सक्शन पाइपला, फिल्टर आणि सेन्सरच्या पुढे पण थ्रॉटलच्या आधी, २५ मिलिमीटरची तोटी बसवायची. तिच्यावर पातळ रबरी पडदा गच्च आवळलेली डबी आणि डबीपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत) तारेची गुंफण असलेली नळी. पडदा लागतोच. त्याच्याशिवाय इंजिनचे वायू केबिनमध्ये येतील आणि नळी सुटली तर न गाळलेली हवा ब्लोअरमध्ये. पडदा ताणून बसवला तर वरचे स्वर येतात, सैल ठेवला तर खालचे. फायरवॉलला नवीन भोक पाडू नका, मागे वायरिंग आणि ब्रेकचं बूस्टर असतं. वायरिंगच्या जुन्या ग्रोमेटची (भोकातल्या रबरी कड्याची) रिकामी जागा शोधा.

सायलेन्सर मोठ्या आवाजाचा असेल तर आधी तो मूळचा बसवा. त्याच्या गर्जनेखाली ब्लोअरचा स्वर झाकला जातो. नुसता सायलेन्सर शांत केला तरी ब्लोअर 'वाढला' असं वाटतं. धुराड्याच्या तोंडात बसवायच्या ॲल्युमिनियमच्या शिट्ट्या मिळतात, त्यांचा ब्लोअरशी काही संबंध नाही आणि त्या वाट अडवतात.

पुली, अगदीच हवी असेल तर

७५ ची पुली काढून ७० ची लावली तर ब्लोअर ७ टक्के जास्त फिरतो. ३००० आरपीएमचा ६०० हर्ट्झचा स्वर ६४३ होतो. पेटीवर सा सोडून कोमल रे दाबला, एवढाच फरक. पण बूस्ट ढोबळमानाने ०.५ बारवरून ०.६ वर जातो, म्हणजे २० टक्के वाढ. आवाजासाठी पुली बदलणं परवडत नाही ते यामुळे.

उष्णतेचा हिशोबही बघा. बाहेर २५ अंश असताना ०.५ बारला ब्लोअरमधून निघणारी हवा साधारण ९० अंशांची असते. बाहेर ४५ असेल तर तीच ११०-११५ आणि ०.६ बारला १२० च्या पुढे. इंटरकूलर तोलामोलाचा नसेल तर चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना इंजिन नॉक करायला, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटून ठोकायला लागेल. पुली बदलायचीच असेल तर संगणकाचं ट्यूनिंग, थंड धाटणीचे स्पार्क प्लग आणि ब्लोअर बनवणाऱ्याने दिलेली कमाल आरपीएमची मर्यादा या तिन्ही गोष्टी आधी पक्क्या करा. दाबून बसवलेली पुली पुलरनेच काढायची. हातोड्याचा एक घाव बेअरिंगला पुरतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही आणि आवाजाच्या मानकांचा भंग कलम १९०(२) मध्ये येतो. तिथे दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो आणि लायसन्सही अडकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. डट्ट्या आणि आतली नळी काढता येण्यासारखी ठेवायची ती याचसाठीही.

काम झाल्यावर ५०० किलोमीटरला सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा, गरम-गार होऊन त्या सैल पडतात. मग फिल्टरनंतरचा पाइप सोडा आणि जुन्या धोतराचा पांढरा तुकडा बोटाला गुंडाळून आतून फिरवा. कापड पांढरं राहिलं तर गाडी चालवा. त्यावर करडी रेघ उमटली, तर ज्या सांध्याच्या अलीकडे ती सुरू होते तिथे फट आहे. ती बुजेपर्यंत गाडीला जोर देऊ नका.